आधी बळ, मग आठवण: प्येअर झाने यांचा मानसोपचार

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येअर झाने विचारांच्या बाबतीत खरोखरच मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या आधीचे होते का, फ्रॉइड यांनी त्यांच्या कल्पना उचलल्या का, आणि आजच्या उपचारांत त्यांचे काही उरले आहे का, असे तीन प्रश्न आपण एकत्र विचारले आहेत. यांपैकी तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मानसिक आघात सोसलेल्या व्यक्तींवर उपचार करताना मी ज्या क्रमाने काम करतो तो क्रम मुळात झाने यांचा आहे. तरीही पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय तिसऱ्याकडे जाता येणार नाही.

झाने यांचा जन्म १८५९ साली पॅरिसमध्ये झाला. म्हणजे वयाने ते फ्रॉइड यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होते. काका पॉल झाने हे त्या काळातले नावाजलेले तत्त्वज्ञ, आणि पुतण्याचे शिक्षणही तत्त्वज्ञानाचेच झाले. किशोरवयात त्यांना खिन्नतेच्या आणि धर्मश्रद्धा डळमळण्याच्या एका कठीण काळातून जावे लागले होते. पुढे एकोल नॉर्माल या प्रतिष्ठित संस्थेत समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्कहेम त्यांचे सहाध्यायी होते आणि तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ एक वर्ष पुढे होते. १८८३ मध्ये ल हाव्र या बंदराच्या शहरातील शाळेत ते तत्त्वज्ञानाचे शिक्षक झाले. फावल्या वेळात तिथल्या डॉक्टरांच्या परवानगीने रुग्णालयातील रुग्ण पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. वैद्यकाची पदवी तोवर त्यांच्याकडे नव्हती. मानसोपचाराच्या आरंभीच्या इतिहासातला इतका महत्त्वाचा भाग एका शाळामास्तराने रिकाम्या वेळात घडवला, ही गोष्ट मला नेहमीच आवडत आली आहे.

ल हाव्रमध्ये त्यांची गाठ लेओनी नावाच्या एका स्त्रीशी पडली. तिला दुरूनही संमोहित करता येते असा स्थानिक डॉक्टरांचा दावा होता आणि झाने यांनी केलेले प्रयोग सुरुवातीला त्या दाव्याला पुष्टी देणारे निघाले. १८८५ मध्ये त्यांचा अहवाल पॅरिसमध्ये वाचला गेला, नाव झाले, इंग्लंडहून अतींद्रिय शक्तींचे अभ्यासक लेओनीला पाहायला आले. एखादा उतावळा माणूस या प्रसिद्धीवर आयुष्य काढू शकला असता. झाने मात्र सावध झाले. चौकशी करता त्यांना कळले की लेओनीवर अनेक वर्षांपूर्वी जुन्या चुंबकोपचारकांनी (संमोहनाच्या आधीच्या काळात 'प्राणिज चुंबकत्वा'ने उपचार करणाऱ्यांनी) असेच प्रयोग केले होते आणि जे नवे, उत्स्फूर्त म्हणून दिसत होते त्यातले बरेचसे ती तेव्हाच शिकलेली होती. या अनुभवानंतर त्यांनी तीन गोष्टी कटाक्षाने पाळल्या: रुग्णाला एकट्याने तपासायचे, भोवती प्रेक्षक ठेवायचे नाहीत; रुग्ण जे बोलेल ते तसेच्या तसे लिहून ठेवायचे; आणि त्याच्या साऱ्या आयुष्याची, पूर्वी झालेल्या उपचारांसकट, माहिती घ्यायची. आपल्या पद्धतीला ते विनोदाने फाउंटन पेनचे मानसशास्त्र म्हणत. त्याच काळात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्तें शार्को हिस्टेरियाच्या (शारीरिक कारण न सापडणारे झटके, बधिरता, लुळेपणा अशा त्रासाच्या) रुग्णांना भरगच्च सभागृहासमोर उभे करून व्याख्याने देत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या नियमांचे वेगळेपण कळते.

याच पद्धतीने त्यांनी मारी नावाच्या एकोणीस वर्षांच्या खेड्यातल्या मुलीवर उपचार केले. दर महिन्याला पाळीच्या वेळी तिला हुडहुडी भरे, पाळी मध्येच थांबे, आणि मग कित्येक दिवस झटके, भ्रम आणि किंकाळ्यांचे सत्र चाले. शिवाय तिच्या डाव्या डोळ्याला दिसत नसे. जागेपणी तिला यामागचे काहीच सांगता येत नव्हते. संमोहनावस्थेत तिने सांगितले की तेरा वर्षांची असताना, पहिल्याच पाळीच्या वेळी, लाजेपोटी ती थांबावी म्हणून ती थंड पाण्याच्या टाकीत उतरली होती. एका म्हातारीला जिन्यावरून पडून मरताना तिने पाहिले होते. झटक्यांमधील भीती तिथली होती. आणि सहा वर्षांची असताना, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला खरजेसारखे फोड आलेल्या एका मुलाशेजारी तिला जबरदस्तीने झोपवले गेले होते. त्यानंतर तिच्याही चेहऱ्याच्या त्याच बाजूला तसे फोड आले, आणि डावा डोळा अधू झाला तो तेव्हापासूनच.

झाने यांनी यावर जे केले ते आज वाचताना थोडे दचकायला होते. संमोहनात मारीला त्या त्या वयात परत नेऊन त्यांनी प्रसंगच बदलले. पाळी नेहमीसारखी तीन दिवस टिकली, म्हातारी नुसती अडखळली, मेली नाही, आणि शेजारचा मुलगा निरोगी व गोड आहे, असे तिला पटवले. मारीने त्या काल्पनिक मुलाला न घाबरता कुरवाळले. लक्षणे एकामागून एक गेली आणि डोळ्याला दिसू लागले, अशी त्यांची नोंद आहे. रुग्णाच्या आठवणीच्या जागी खोटी आठवण ठेवण्याचा हा मार्ग आज कोणी जबाबदार उपचारक धरणार नाही; आठवण किती लवचिक असते आणि सूचनेने ती किती सहज वाकते हे आता आपल्याला पुरेसे ठाऊक आहे. परंतु मारीच्या उपचारांचे खरे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. शरीरातल्या लक्षणामागे जागेपणी हाती न लागणारी एक विशिष्ट आठवण असू शकते, प्रत्येक लक्षणामागची आठवण वेगळी असू शकते, आणि त्या आठवणीवर काम केल्याने लक्षण जाऊ शकते, हे येथे पद्धतशीरपणे नोंदवले गेले आणि १८८९ मध्ये छापूनही आले.

१८८९ हे साल आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या वर्षी झाने यांनी मानसिक स्वयंचलनावरील आपला प्रबंध पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाला सादर केला. त्याचा गाभा असा: मन एकाच वेळी दोन प्रकारची कामे करते. एक काम जुने, घडून गेलेले पुन्हा पुन्हा गिरवण्याचे. दुसरे, आता समोर जे येते आहे ते पूर्वीच्या सगळ्याशी जुळवून एक सलग 'मी' तयार करण्याचे. दुसऱ्या कामाला बळ लागते. आजार, थकवा किंवा जबर धक्का यांनी ते बळ कमी पडले की काही अनुभव या जुळणीबाहेर राहतात. ते नाहीसे होत नाहीत. जाणिवेच्या कडेला, अवचेतनात, स्वतःच्या तालावर चालत राहतात आणि झटके, बधिरता, लुळेपणा, झोपेत चालणे अशा रूपांत वर येतात. अशा सुट्या पडलेल्या अनुभवाभोवती जमलेल्या विचारांना ते रुतून बसलेल्या कल्पना म्हणत. आज आपण डिसोसिएशन, म्हणजे अनुभव जाणिवेपासून तुटून वेगळा पडणे, म्हणून जे शिकतो त्याचा पाया हा आहे.

या प्रबंधानंतर ते पॅरिसला आले. शार्को यांनी त्यांना साल्पेत्रिएरमध्ये मानसशास्त्रीय प्रयोगशाळा दिली. १८९३ मध्ये हिस्टेरियाच्या रुग्णांच्या मनःस्थितीवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले, आणि त्याच वर्षी काही आठवड्यांतच शार्को वारले.

साल्पेत्रिएरमधील दोन रुग्णांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण झाने यांची विचारपद्धती सिद्धांतापेक्षा तिथे अधिक स्पष्ट दिसते. पहिला आशील, तिशी ओलांडलेला व्यापारी. आपल्या अंगात सैतान शिरला आहे असे म्हणत तो किंचाळे, देवाची निंदा करी, आणि मग 'हे मी बोललो नाही' म्हणून रडे. त्याला समजावणे निष्फळ ठरले. झाने यांनी तो बोलण्यात गुंतलेला असताना त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि मागून हळूच प्रश्न विचारले. हात उत्तरे लिहू लागला. लिहिणाऱ्याने आपण सैतान असल्याचे सांगितले. झाने यांनी त्याला आव्हान दिले की तू एवढा समर्थ असशील तर आशीलला या खुर्चीत झोपवून दाखव. 'सैताना'ने ते केले, आणि अशा रीतीने एरवी संमोहनाला दाद न देणारा आशील संमोहित झाला. मग खरी हकिगत बाहेर आली: कामानिमित्त बाहेरगावी असताना त्याच्याकडून पत्नीशी प्रतारणा घडली होती, ती लपवण्यासाठी तो आधी गप्प राहू लागला, आणि अपराधाची भावना वाढत वाढत तिने सैतानाचे रूप घेतले. झाने यांनी संमोहनात त्याला पत्नीची मूर्ती दिसेल आणि ती क्षमा करेल असे घडवले. तो बरा झाला.

आपल्याकडे अंगात येणे हे पुष्कळदा विधीचा, परंपरेचा भाग असते आणि त्याला सरसकट आजार म्हणणे चूक आहे. पण ज्या वेळी तो त्रास घेऊन माणूस उपचारासाठी येतो, त्या वेळी आशीलची ही हकिगत मार्गदर्शक ठरते. झाने यांनी सैतान खरा मानला नाही, तसेच आशीलला खोटारडाही ठरवले नाही. जो आवाज बोलत होता त्याच्याशी ते बोलले. नातेवाइकांना मी नेहमी हेच सांगतो की 'नाटक करते आहे' हे वाक्य घरात उच्चारू नका.

दुसरी इरेन. तेवीस वर्षांची गरीब घरातील मुलगी, वडील व्यसनी, आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली. इरेनने सुमारे साठ रात्री तिची शुश्रूषा केली आणि दिवसा शिवणकाम करून घर चालवले. आई गेली त्या रात्री ती मृतदेहाला उठवण्याचा, औषध पाजण्याचा प्रयत्न करत राहिली. अंत्यविधीच्या वेळी ती हसली. नंतर तिला विचारले तर ती म्हणे की आई गेली असणार, कारण सगळे तसे सांगतात, पण मला मात्र ते आठवत नाही. आणि हीच इरेन, रिकाम्या पलंगाकडे एका विशिष्ट बाजूने पाहिले की भान हरपून त्या रात्रीचा प्रत्येक तपशील पुन्हा करत असे: पाणी पाजणे, बोलणे, देह उचलणे. हा प्रकार तीन-चार तास चाले.

यातून झाने यांनी जो भेद मांडला तो मला त्यांच्या साऱ्या कार्यातील सर्वांत मोलाचा वाटतो. इरेन त्या रात्री काय घडले ते सांगू शकत नव्हती, फक्त करून दाखवू शकत होती. झाने यांच्या मते स्मृती ही कृती आहे, सांगण्याची कृती. जे घडले ते शब्दांत मांडायचे, ऐकणारा कोण आहे हे पाहून कमी-जास्त करायचे, आपल्या आयुष्याच्या कथेत त्याला जागा द्यायची, आणि हे सगळे मिनिटभरात आटोपता यायला हवे. आघाताची 'आठवण' यांतले काहीच करत नाही. तिला श्रोता लागत नाही, ती आखडती घेता येत नाही, एकदा सुरू झाली की शेवटापर्यंत चालते. म्हणून ती फार तीव्र आठवण आहे असे म्हणण्यापेक्षा ती अजून आठवण झालेलीच नाही असे म्हणणे योग्य ठरेल. दीर्घ प्रयत्नांनंतर इरेनला आईचा मृत्यू सांगता येऊ लागला, तेव्हा तिला रडू येऊ लागले आणि ते झटके थांबले.

आता फ्रॉइड. व्हिएन्नाचे डॉक्टर योसेफ ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील पहिला संयुक्त लेख १८९३ च्या जानेवारीत आला आणि पुस्तक १८९५ मध्ये. त्या लेखनात झाने यांचा उल्लेख आहे, त्यामुळे झाने यांचे काम त्या दोघांना अज्ञात होते असे कोणी म्हणू शकत नाही. दुसरीकडे, ब्रॉयर यांनी ॲना ओ. या नावाने प्रसिद्ध झालेल्या तरुणीवर केलेले उपचार १८८० ते १८८२ मधले आहेत, म्हणजे मारीच्याही आधीचे. फक्त ते छापले गेले उशिरा. छापील प्राधान्य झाने यांचे, यात शंका नाही. चोरी हा शब्द मात्र मी वापरणार नाही, कारण फ्रॉइड लवकरच एका वेगळ्या ठिकाणी गेले. झाने म्हणतात की अनुभव बाहेर राहिला, कारण त्याला सामावण्याचे बळ मनात नव्हते. फ्रॉइड म्हणतात की मनाने तो आपणहून बाहेर ढकलला, कारण तो त्याला नको होता. पहिल्यात दुबळेपण आहे, दुसऱ्यात संघर्ष. उपचारावर याचा परिणाम होतो: संघर्ष असेल तर विरोध ओलांडून आत शिरायचे, दुबळेपण असेल तर आधी बळ वाढवायचे. झाने यांची मांडणी आनुवंशिक कमजोरीकडे जास्त झुकते आणि फ्रॉइड यांनी त्यावर घेतलेला आक्षेप रास्त होता, असे माझे मत आहे.

१९१३ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत झाने यांनी मनोविश्लेषणावर कडक टीका केली. लक्षणामागची आठवण शोधून उपचार करण्याची कल्पना आधी आपली असल्याचे त्यांनी सांगितले, आणि स्वप्नांचे प्रतीकात्मक अर्थ लावणे व प्रत्येक विकार लैंगिकतेशी जोडणे त्यांना मान्य नव्हते. संबंध कायमचे बिघडले. १९३७ मध्ये, दोघेही वृद्ध झाले असताना, झाने व्हिएन्नाला गेले; त्यांचे जावई एदुआर पिशाँ हे स्वतः मनोविश्लेषक होते आणि त्यांनी भेटीसाठी मध्यस्थी केली. फ्रॉइड यांनी भेट नाकारली.

झाने विस्मरणात का गेले, याचे उत्तर फ्रॉइड यांच्या नावावर टाकून मोकळे होण्याची पद्धत आहे. ती फारशी खरी नाही. शार्को यांच्यामागे संमोहनाची आणि हिस्टेरियाच्या अभ्यासाची पतच उतरली. १९१० नंतर साल्पेत्रिएरची सूत्रे मज्जाविकारतज्ज्ञ ज्यूल देजेरीन यांच्याकडे गेली आणि झाने यांची प्रयोगशाळा बंद झाली. १९०२ पासून १९३४ पर्यंत ते पॅरिसमधील कोलेज द फ्राँस या संस्थेत प्राध्यापक होते, पण त्या संस्थेत व्याख्याने सर्वांना खुली असतात आणि पदवी दिली जात नाही. परिणामी श्रोते मिळाले, शिष्य मिळाले नाहीत. संघटना उभारण्याची त्यांना हौस नव्हती. १९४७ मध्ये ते वारल्यावर, त्यांच्याच इच्छेनुसार, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी जाळून टाकण्यात आल्या. रुग्णांच्या गोपनीयतेसाठी हे योग्यच होते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र मारी किंवा आशील पुढे खरोखर किती काळ बरे राहिले हे तपासण्याचा मार्ग त्याबरोबर गेला. १९७० मध्ये आंरी एलेनबर्गर यांनी अबोध मनाच्या शोधाचा इतिहास लिहिताना त्यांना एक पूर्ण प्रकरण दिले, तेव्हा ते पुन्हा चर्चेत आले.

हिस्टेरियानंतरचे झाने कमी वाचले जातात. १९०३ मध्ये त्यांनी मंत्रचळ (तोच विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा करत राहण्याचा विकार), भीती आणि कमालीचा संकोच यांनी ग्रासलेल्या रुग्णांवर मोठा ग्रंथ लिहिला. केलेले काम पुरे झाले असे कधीच न वाटणे, हे अपुरेपण त्यांनी या विकारांच्या मुळाशी पाहिले. मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी न्यूनतेची कल्पना मांडताना त्याचा उल्लेख केला, आणि मंत्रचळाचे आजचे अभ्यासकही 'काहीतरी अर्धवट राहिले' या भावनेकडे पुन्हा वळले आहेत. दाराची कडी पाच वेळा तपासणाऱ्याला चोराची भीती असतेच असे नाही. पुष्कळदा कडी लावल्याचे समाधानच त्याच्या मनात उमटलेले नसते.

१९१९ मधील तीन खंडांच्या ग्रंथात त्यांनी मनाचा हिशेब घरखर्चासारखा मांडला. मनाला मिळकत असते, खर्च असतो आणि कर्जही असते. काही माणसे, काही नाती, काही कामे फार खर्चिक असतात. न सुटलेली आघाताची आठवण म्हणजे व्याज खाणारे कर्ज. उपचारकाने पाहायचे ते हे की खर्च कुठे कमी करता येईल, कर्ज कसे फेडता येईल आणि मिळकत कशी वाढेल. मिळकत वाढवण्याचा त्यांचा मार्ग म्हणजे लहान पण पूर्ण केलेली कृती: पत्र लिहायला घेतले तर लिहून, पाकिटात घालून, टपालात टाकेपर्यंत. अर्धवट सोडलेली दहा कामे थकवतात, एक पुरे केलेले काम बळ देते. आज नैराश्यावरील वर्तनोपचारांत आपण कृतींची जी आखणी करून देतो ती याच्या फार जवळची आहे. झाने यांना सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) आधुनिक लाटेचे पूर्वज ठरवण्याचा मोह मात्र टाळावा. वर्तमान क्षणात पूर्णपणे असणे ही मनाची सर्वांत अवघड कृती आहे असे ते म्हणत हे खरे, पण त्यांचा भर सदैव कृतीवर होता, ध्यानावर नव्हे.

आता आपला तिसरा प्रश्न. १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) हे निदान मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आले आणि त्यानंतर ओनो फान देर हार्ट, बेसेल फान देर कोल्क आदी अभ्यासकांनी झाने यांचे लेखन नव्याने वाचले. त्यांनी त्यातून उपचाराचे तीन टप्पे स्पष्ट केले: आधी स्थैर्य आणि लक्षणांवर ताबा, मग आघाताच्या आठवणीवर काम, आणि शेवटी ती आठवण व व्यक्तीचे रोजचे जगणे यांची सांधणी. जटिल आघातावरील उपचारांची चर्चा आजही याच चौकटीभोवती होते, आणि पहिला टप्पा किती लांबवावा यावर मतभेद आहेत. साध्या, एकाच घटनेच्या आघातात तो लांबवण्याची गरज नसते. थेट आठवणीवर काम करणाऱ्या पद्धती चांगल्या लागू पडतात. पण लहानपणापासून वर्षानुवर्षे मार किंवा अत्याचार सोसलेल्या, मधूनमधून भान हरपणाऱ्या, घरी अजूनही असुरक्षित असलेल्या व्यक्तीला पहिल्या दोन भेटींतच 'काय झाले ते सगळे सांगा' म्हणणे म्हणजे इरेनला त्या रिकाम्या पलंगासमोर बसवणे होय. सांगण्याचे बळ नसताना सांगायला लावले तर ती व्यक्ती सांगत नाही, पुन्हा भोगते. अशा वेळी झोप, जेवण, राहण्याची सुरक्षित जागा, दिवसाची साधी घडी आणि भान हरपू लागल्यास परत येण्याचे उपाय यांवर कित्येक आठवडे द्यावे लागतात. घरच्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, म्हणून तो का दिला जातो आहे हे त्यांनाही पहिल्याच भेटीत सांगावे.

झाने यांच्यातले काय सोडायचे तेही सांगायला हवे. संमोहनात आठवणी बदलणे सोडायचे. रुग्णाला मार्ग दाखवणारा अधिकारी पुरुष ही त्यांची भूमिकाही सोडायची, जरी रुग्ण उपचारकावर किती अवलंबून राहू लागतो आणि त्या अवलंबनातून त्याला हळूहळू कसे मोकळे करावे याचे बारकाईने निरीक्षण आरंभीच्या काळात त्यांनीच केले. साल्पेत्रिएरमधील बहुतेक रुग्ण गरीब स्त्रिया होत्या आणि त्यांना नकार देण्याची मुभा किती होती, हा प्रश्न त्यांच्या ग्रंथांत उपस्थित होत नाही.

वाचायचे असेल तर १९०६ मध्ये हार्वर्ड येथे त्यांनी इंग्रजीत दिलेल्या आणि पुढच्या वर्षी छापल्या गेलेल्या हिस्टेरियावरील व्याख्यानांपासून सुरुवात करावी. ती मूळ इंग्रजीतच आहेत, भाषा सरळ आहे, आणि इरेनची हकिगत तिथे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत वाचायला मिळते. १८८९ चा प्रबंध इंग्रजीत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. तो नंतर घ्यावा, आणि घेताना लेओनीवरील भाग वगळू नये.